परळच्या घरात यंदा ऊनच आलं नाही, हिवाळ्यात उजेडासाठी काय करावं?

कातरवेळ
३ डिसेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,
आमचं घर परळला, चार मजली जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर. हॉलची खिडकी दक्षिणेला, आतल्या खोलीची पूर्वेला (तिकडे शाळेचं मैदान आहे), स्वयंपाकघर डक्टच्या, म्हणजे बिल्डिंगच्या आतल्या बंदिस्त पोकळीच्या बाजूला. हॉलसमोर रस्त्यापलीकडे आधी दोन मजली चाळ होती. तिथे आता बावीस मजली टॉवर झालाय. तो पूर्ण उंचीला गेल्यानंतरचा आमचा हा पहिला हिवाळा. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊन हॉलच्या खिडकीतून आत यायला लागायचं आणि पौषात तर खोलीच्या मध्यापर्यंत पोचायचं. यंदा आलंच नाही.

माझे सासरे, आप्पा, ७८ वर्षांचे. गिरणीत जॉबर होते. सकाळचा चहा झाला की खिडकीशी खुर्ची ओढून पायांवर ऊन घेत पेपर वाचायचे, अगदी छोट्या जाहिरातींसकट. गेला महिनाभर पेपर उघडतात आणि दहा मिनिटांत घडी घालून ठेवतात. परवा म्हणाले, "सूनबाई, उजाडल्यासारखंच वाटत नाही गं." दिवसा ट्यूब लावलेली त्यांना चालत नाही. जास्त उजेडाची नवी ट्यूब आणली, तर ती डोळ्यांत घुसते म्हणतात.

टॉवरबद्दल माझी तक्रार नाही हे आधीच सांगते. चाळीतली माणसं आमच्या ओळखीची आहेत. पन्नास पन्नास वर्षं सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभी राहिलेली माणसं आता स्वतःच्या घरात राहतात, त्याचा आनंदच आहे. पण आमच्या घरात उजेड कसा आणायचा? पंधरा हजारांपर्यंत खर्च करू शकतो. कोणी असं काही केलं असेल तर सांगा.

गिरगांवची_पोर
३ डिसेंबर, रात्री १०:४०

ताई, आधी एक विचारते. पावसाळ्यात खिडकीवर लावलेलं प्लॅस्टिक काढलंय का? आमच्याकडे ते दर वर्षी "काढू, काढू" म्हणत संक्रांतीपर्यंत तसंच राहायचं. त्यावर शेवाळ आणि धूळ बसून हिरवट काळा पडदा झालेला असतो. ते काढलं त्या दिवशी आईने ट्यूब चालू आहे समजून बटण बंद करायला हात नेला होता.
आणि काचांवर उन्हाळ्यासाठी लावलेली काळी फिल्म असेल तर तीही काढा.

ध्रुवतारा
४ डिसेंबर, सकाळी ६:५५

आकाशनिरीक्षणाचा छंद आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण यात सगळा खेळ सूर्याच्या उंचीचा आहे.

मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी सूर्य इथे भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचे दिवस म्हणतात ते. मधल्या काळात तो दुपारी चक्क उत्तरेकडे असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतलं ऊन हे मुळात हिवाळ्याचंच ऊन. डिसेंबरात दुपारी सूर्य दक्षिणेला जेमतेम ४७-४८ अंशांवर असतो आणि म्हणून छज्जा ओलांडून आत शिरतो. तुमच्याकडे दिवाळीला ऊन यायला लागायचं ते यामुळेच.

आता टॉवर. बावीस मजले म्हणजे सुमारे ६५ ते ७० मीटर धरू. तो तुमच्या खिडकीपासून किती लांब आहे? तीस मीटर असेल, तर दुसऱ्या मजल्यावरून त्याचा माथा ६३ अंशांच्या आसपास दिसेल. दुपारचा सूर्य इतका वर जायला मार्च उजाडतो. आणि तेव्हा तो इतक्या उंचावर असतो की छज्जाच त्याला अडवतो. म्हणजे हॉलच्या दुपारच्या उन्हाची आशा सोडून द्यावी लागेल. हे लिहिताना वाईट वाटतंय, पण खोटी आशा दाखवून उपयोग नाही.

पण दोन गोष्टी शिल्लक आहेत. एक, टॉवर रुंदीला किती आहे? त्याच्या डाव्या-उजव्या फटीतून सकाळी किंवा दुपारी उशिरा तिरीप येऊ शकते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या दिवसांत सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही, सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. आतल्या खोलीच्या खिडकीसमोर मैदान आहे म्हणता, तर तिथे सकाळी दोन-तीन तास तिरपं ऊन यायलाच हवं. येतं का?

एखाद्या रविवारी दर तासाला घरभर फिरा आणि जिथे जिथे कवडसा पडेल तिथे फरशीवर खडूने खूण करून वेळ लिहा. काही विकत घेण्याआधी हे करा.

कातरवेळ
४ डिसेंबर, दुपारी १:२०

ध्रुवतारा, इतकं नीट कोणी समजावलं नव्हतं. अंतर साधारण शंभर फूट, म्हणजे तुमचे तीस मीटर बरोबर.
पूर्वेच्या खिडकीचं विचारलंत. त्या खिडकीला पाठ लावून लोखंडी कपाट उभं आहे. माझ्या लग्नाच्या आधीपासून तिथेच आहे. खिडकीची वरची हातभर काच तेवढी उघडी. तिथून ऊन येतं, पण थेट माळ्यावर पडतं.
प्लॅस्टिक हॉलच्या खिडकीला नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीला अजून आहे. आज काढते.

सुतारपक्षी
४ डिसेंबर, रात्री ९:०५

कपाट हलवा. बाकीचं सगळं नंतर.

मी वीस वर्षं घरांची फर्निचरची कामं करतोय. मुंबईतल्या निम्म्या घरांत अंधार बाहेरून आलेला नसतो, आपणच तो कपाटाने, माळ्याने आणि ग्रिलमधल्या सामानाने आणलेला असतो. जागाच कमी, त्यामुळे लोकांचा दोष नाही. पण खिडकी ही भिंत नाही, हे एकदा मनाशी ठरवावं लागतं.

हॉलसाठी सांगतो. बॉक्स ग्रिलमध्ये काय काय ठेवलंय ते बघा. बादल्या, रिकामे डबे, वाळत घातलेलं फडकं, सगळं बाहेर काढा. कुंड्या ठेवायच्याच असतील तर ग्रिलच्या तळाशी, खिडकीच्या ओट्याच्या खाली राहतील अशा. समोर टॉवर असताना आकाश दिसतं ते खिडकीच्या वरच्या भागातूनच, त्यामुळे वरचा एक फूट सगळ्यात मोलाचा. तिथे तोरणं, पेलमेट, पडद्याची झालर काही नको. पडद्याची दांडी खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना फूटभर लांब घ्या, म्हणजे पडदा उघडला की तो भिंतीवर जाऊन बसेल, काचेवर राहणार नाही. पडदा पांढऱ्या सुती कापडाचा, पातळ.

काचा बाहेरून धुवा. सरकत्या खिडक्यांची बाहेरची बाजू वर्षानुवर्षं धुतलेली नसते. हिवाळ्यात मुंबईत वारा पडलेला असतो, धूळ खालीच रेंगाळते, आणि जवळ बांधकाम असेल तर आठवड्यात काच पांढरी होते. दोन्ही बाजूंनी चुंबक असलेला पुसणारा ब्रश मिळतो, तो आतून फिरवला की बाहेरची काचही पुसली जाते. ग्रिल नसलेल्या खिडकीच्या ओट्यावर स्वतः चढू नका आणि घरकामाच्या ताईंनाही चढवू नका. दर वर्षी कोणीतरी पडल्याची बातमी वाचतो आणि जीव हळहळतो.

आरसा लावायचा तर खिडकीच्या लगतच्या आडव्या भिंतीवर लावा. लावण्याआधी कोणाला तरी तो हातात धरून उभं करा आणि आप्पांच्या खुर्चीत बसून बघा. आरशात आकाशाचा तुकडा दिसला तर जागा बरोबर. टॉवर दिसला तर सरकवा.

ठाण्याची_माई
४ डिसेंबर, रात्री ९:३१

आरसा दक्षिणेच्या भिंतीवर लावू नये म्हणतात, उत्तर किंवा पूर्व चालते. घरात म्हातारं माणूस आहे म्हणून सांगितलं.

सुतारपक्षी
४ डिसेंबर, रात्री ९:४४

माई, यांची खिडकीच दक्षिणेला आहे, त्यामुळे आरसा पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीवर येतो. पूर्वेचा घेतला की दोन्ही साधतं. आप्पांच्या मनाला पटणं महत्त्वाचं.

चुनखडी
५ डिसेंबर, सकाळी ११:१५

रंगाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, रंगकामाचं काँट्रॅक्ट घेतो.

पहिलं म्हणजे छत. जुन्या बिल्डिंगमध्ये छत पिवळट पडलेलं असतं आणि कोणाचं लक्ष जात नाही. आत आलेला उजेड छतावर आपटूनच खोलीत मागे जातो, म्हणून ते पांढरं स्वच्छ हवं. पैसे कमी असतील तर चारही भिंती सोडा आणि फक्त छत करून घ्या.

दुसरं, खिडकीच्या चौकटीच्या आतल्या कडा. जुन्या बांधकामात भिंत फूट-सव्वा फूट जाड असते. ती जाडी जिथे दिसते त्या दोन्ही बाजू, वरचा भाग आणि ओटा पांढऱ्या चकचकीत ऑइलपेंटने रंगवा. काम अर्ध्या दिवसाचं, खर्च नगण्य, आणि खिडकी मोठी झाल्यासारखी वाटते.

भिंतींना मात्र निव्वळ पांढरा देऊ नका. ऊन येणाऱ्या खोलीत तो छान दिसतो. तुमच्या हॉलमध्ये आता फक्त आकाशाचा निळसर उजेड येणार, त्यात पांढरी भिंत राखाडी आणि थंड दिसते. किंचित पिवळसर छटेचा पांढरा घ्या, आपल्या लोण्यासारखा. छोट्या डब्यातून दोन हात मारून दोन दिवस बघा, मग ठरवा.

पूर्वी चाळीत चुन्यात थोडी नीळ टाकायचे. जुन्या लोकांना तो रंग प्रिय असतो, पण तो गॅलरीत ऊन यायचं तेव्हा शोभायचा.

आणि भिंत सुकली आहे का ते बघा. दिवाळीच्या घाईत पावसाची ओल आत ठेवून रंग मारतात आणि मेपर्यंत पोपडे निघतात. मुंबईत रंगाचा खरा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. आधी पोपडे खरवडायचे, लांबी (पुट्टी) भरायची, पॉलिशपेपर मारायचा, प्रायमर, मग रंग. लांबी न सुकता पुढे जाणारा कारागीर ठेवू नका.

डक्टबद्दलही सांगतो. डक्टच्या भिंती सोसायटीने पांढऱ्या करून घेतल्या तर खालच्या मजल्यांच्या स्वयंपाकघरांत फरक पडतो. मीटिंगमध्ये विषय काढा.

वायरिंगवाला
५ डिसेंबर, रात्री ८:२०

नवी ट्यूब डोळ्यांत घुसते म्हणालात. बहुतेक ६५०० केल्विनची असणार आणि आप्पांच्या समोरच्या भिंतीवर असणार. बरोबर?

बॉक्सवर दोन आकडे वाचायचे. ल्युमेन म्हणजे उजेड किती. केल्विन म्हणजे उजेडाचा रंग. २७०० पिवळा, जुन्या बल्बसारखा. ४००० मधला, सकाळी आठच्या उन्हाच्या जवळ जाणारा. ६५०० निळसर पांढरा. आपल्याकडे दुकानदार न विचारता ६५०० हातात देतो. दिवसा ४००० घ्या, संध्याकाळी २७०० किंवा ३०००.

एकच जबरदस्त ट्यूब लावण्यापेक्षा तीन-चार ठिकाणी मध्यम दिवे लावा आणि एखाद्याचं तोंड छताकडे करा. ९ वॅटच्या एलईडीत साधारण ९०० ल्युमेन मिळतात, चार दिवे मिळूनसुद्धा ३६ वॅट, म्हणजे जुन्या एका ट्यूबलाइटपेक्षा कमी. दिवा दिसला नाही पण उजेड दिसला, तर आप्पांना दिवसा दिवा लावल्यासारखं वाटणार नाही.

वाचायला वेगळा दिवा द्या, खांद्याच्या मागून पेपरवर पडेल असा. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. आप्पा ७८ चे. तुम्हाला पुरेसा वाटणारा उजेड त्यांना पुरत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगा.

जुनं वायरिंग असेल तर एका प्लगवर चार पिना जोडू नका. आधी कोणाला तरी दाखवा.

परिचारिका_७१
५ डिसेंबर, रात्री ९:०२

उजेड डोळ्यांत घुसतो आणि वाचायला पुरत नाही, दोन्ही एकदम असेल तर मोतीबिंदू असू शकतो. आधी डोळे तपासून घ्या. शेवटचे कधी तपासले होते?

उत्तररात्र
६ डिसेंबर, पहाटे ३:१८

मी मूळची दादरची, अकरा वर्षं स्टॉकहोममध्ये आहे. इथे डिसेंबरात दिवस सहा तासांचा, आणि भर दुपारी सूर्य क्षितिजावर जेमतेम सात अंश. पहिल्या वर्षी नोव्हेंबरात मी रोज रडायचे आणि कारण कळायचं नाही. हिवाळी नैराश्य म्हणतात ते. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. त्यावर दहा हजार लक्सचा (लक्स म्हणजे एखाद्या जागी किती उजेड पडतो त्याचं माप) दिवा सकाळी अर्धा तास समोर ठेवून बसायला सांगतात. मी डॉक्टरांच्या सल्ल्याने बसते.

हे सगळं मुंबईला जसंच्या तसं लावू नका. मुंबईत डिसेंबरातही दिवस अकरा तासांचा असतो. दिव्याच्या पेटीवर पैसे घालवू नका, तुमच्याकडे तो उजेड फुकट आहे. घरातल्या उजळ खोलीत दोन-तीनशे लक्स असतात, आणि गच्चीवर सावलीत उभं राहिलं तरी कित्येक हजार. आप्पांना रोज सकाळी अर्धा तास बाहेर न्या. काचेतून आलेल्या उन्हाने ड जीवनसत्त्व मिळत नाही, काच ते किरण अडवते, हेही लक्षात असू द्या. आणि उदास वाटणं महिनोन्‌महिने टिकलं तर डॉक्टरांना सांगाच.

एक गोष्ट इथे फार आवडते. डिसेंबरात प्रत्येक घराच्या खिडकीत कागदाची चांदणी लटकते, आत दिवा. रस्त्याने जाणाऱ्यालाही उजेड मिळतो. मी माझ्या खिडकीत आपला आकाशकंदील लावते आणि तो फेब्रुवारीपर्यंत काढत नाही. तुम्हीही त्रिपुरी पौर्णिमेनंतर काढून माळ्यावर टाकला असेल तर परत लावा. तिन्हीसांजेला लावायचा. त्याचा उजेड किती पडतो हा भाग वेगळा, पण त्या वेळी घरात जे वाटतं ते बदलतं.

शेवंतीची_वेणी
६ डिसेंबर, सकाळी ९:४०

कंदील लावा, फक्त खिडकीत शेवंतीची कुंडी असेल तर ती दुसरीकडे ठेवा. शेवंतीला कळ्या धरायला लांब, अखंड अंधारी रात्र लागते, म्हणूनच ती या दिवसांत फुलते. रात्रभर दिव्याखाली ठेवली की नुसता पाला वाढतो. पूर्वेच्या खिडकीत सकाळच्या उन्हाला पिवळी शेवंती ठेवून बघा. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेलाही घरची फुलं होतील.

कायदा_जिज्ञासू
६ डिसेंबर, दुपारी १२:३०

माहिती असावी म्हणून लिहितो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ नुसार २० वर्षं विनाखंड मिळालेल्या उजेडावर हक्क सांगता येतो. पण न्यायालय बघतं ते उरलेला उजेड राहण्यासाठी पुरेसा आहे का ते, पूर्वीइतका आहे का ते नाही. मुदतही असते. पुढे विचार असेल तर वकिलाला कागद दाखवा.

कातरवेळ
१४ डिसेंबर, रात्री ११:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. कायद्याच्या वाटेला आम्ही जाणार नाही, पण माहिती जपून ठेवते.

आज रविवार. नवरा, दीर आणि शेजारचे दोन मुलगे मिळून कपाट हलवलं. आता ते आतल्या खोलीच्या उत्तरेच्या भिंतीला आहे. पलंग आडवा करावा लागला, चालायला जागा कमी झाली, आणि सासूबाईंना अजून ते पटलेलं नाही. कपाटामागे खिडकीचे गज गंजले होते, एक तावदान फुटलेलं होतं आणि ओट्यावर कबुतरांनी काड्या रचलेल्या. सगळं साफ केलं. काच बदलायला माणूस उद्या येतोय.

ऊन किती येतं ते उद्या सकाळी बघायचंय. आप्पा काही बोलले नाहीत, पण झोपायला जाताना खुर्ची स्वतःच आत नेऊन ठेवली.

ध्रुवतारा
१५ डिसेंबर, सकाळी ७:०२

उगवलाय. जा आत.

कातरवेळ
१९ जानेवारी, रात्री ९:५०

उशिरा लिहितेय. मध्ये संक्रांत आणि दवाखाना दोन्ही झालं.

पूर्वेच्या खोलीत सकाळी आठच्या आधीपासून साडेदहापर्यंत ऊन असतं. आप्पा तिथेच पेपर वाचतात, आता छोट्या जाहिरातींपर्यंत पोचलेत. हॉलमध्ये छत आणि खिडकीच्या आतल्या कडा रंगवून घेतल्या, भिंती राहू दिल्या. चुनखडी, कडांचा फरक मला छतापेक्षा जास्त वाटला. आरसा लावला नाही, कुठूनही धरला तरी टॉवरच दिसत होता. ४००० केल्विनचे तीन दिवे लावले, त्यातला एक कपाटावर, छताकडे तोंड करून. आप्पांनी पहिले तीन दिवस तो बंद करायला बटण शोधलं नाही, म्हणजे चालला. एकूण खर्च नऊ हजारांच्या आत.

डक्टचा विषय मीटिंगमध्ये काढला, नुसती चर्चा झाली. प्लॅस्टिक काढल्यावर स्वयंपाकघर सुधारलं, पण दुपारी अजून दिवा लागतो.

परिचारिकाताई, तुम्ही विचारलं नसतं तर आम्ही गेलो नसतो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला, बऱ्यापैकी पिकलेला. फेब्रुवारीत ऑपरेशन आहे. इतके दिवस आम्ही सगळा दोष टॉवरला देत होतो.

आणि हॉलमध्ये दुपारी सव्वातीनच्या सुमारास टॉवरच्या पश्चिमेच्या फटीतून एक कवडसा येतो. जेमतेम अर्धा तास, देव्हाऱ्याच्या बाजूच्या भिंतीवर. तो आप्पांनी शोधला. खडूच्या खुणांचं मी त्यांना सहज सांगितलं होतं, ते त्यांनी कामच करून टाकलं. गिरणीत मापं घेण्यात आयुष्य गेलेलं. रोज सकाळी साडेनऊला आतल्या खोलीत कवडशाच्या कडेला रेघ ओढतात आणि तारीख घालतात. ध्रुवतारा, त्यांचा एक प्रश्न आहे. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो म्हणतात. मग रेघ डिसेंबरपासून खोलीत आत आत का सरकतेय? ऊन वर चढतंय तर ती खिडकीकडे यायला हवी ना?

ध्रुवतारा
२० जानेवारी, सकाळी ७:१०

आप्पांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं निरीक्षण अचूक आहे.

दिवस २१-२२ डिसेंबरपासूनच वाढायला लागतो, पण तो वाढतो संध्याकाळच्या टोकाला. मुंबईत सूर्य सगळ्यात लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटी, सहाच्या सुमारास. आणि सगळ्यात उशिरा उगवतो तो आत्ता, जानेवारीच्या मध्याला, सव्वासातच्या सुमारास. घड्याळ सरासरीवर चालतं आणि सूर्य या दिवसांत त्या सरासरीच्या थोडा मागे पडत जातो, म्हणून. त्यामुळे डिसेंबरच्या साडेनऊपेक्षा जानेवारीच्या साडेनऊला सूर्य किंचित खाली असतो आणि ऊन खोलीत जास्त आत जातं.

आता तो लवकर उगवायला लागेल. पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत रेघ थांबेल आणि मग खिडकीकडे परत येईल. शिवाय खिडकीकडे तोंड करून उभं राहिलं तर ती उजवीकडेही सरकताना दिसेल, कारण उगवण्याची जागा उत्तरेकडे चाललीय. ऑपरेशनमुळे मध्ये खंड पडणार असेल तर रेघ कोणीतरी ओढत राहा.

कातरवेळ
२० जानेवारी, सकाळी ९:४१

आत्ताच वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. ऑपरेशनच्या आठवड्यात रेघ मी ओढायची असं ठरलंय, कुठल्या कडेला खडू धरायचा ते आज शिकवणार आहेत.